समुद्रातील पवनचक्क्या आणि जहाजांची वाट

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे निघालेली होडी सरळ रेषेने जात नाही. पाण्याखाली दडलेल्या खडकांना वळसा घालीत, तांडेलाच्या ओळखीच्या वाटेने ती जाते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, त्या निवडीत या खडकांचा वाटा मोठा होता. परक्या जहाजाला जे संकट, तेच किल्ल्याला संरक्षण. उत्तरेस विजयदुर्गापाशी तर पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत संशोधकांना आढळली आहे. समुद्रात उभी केलेली वस्तू कोणाच्या वाटेत येते, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही.

आता तो निराळ्या स्वरूपात पुढे येत आहे. १९९१ साली डेन्मार्कने विंडेबी येथे समुद्रात अकरा पवनचक्क्या उभारल्या. तेव्हापासून उत्तर समुद्रात अशा चक्क्यांची अरण्ये वाढली. हिंदुस्थान सरकारने यासंबंधीचे धोरण २०१५ साली जाहीर केले, आणि जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्याची योजना मंजूर झाली. तिच्यात गुजरात आणि तामिळनाडू यांच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटची निर्मिती योजिलेली आहे. सिंधुदुर्गाचे नाव त्यात नाही. तथापि वारा पश्चिम किनाऱ्याचा आहे आणि जहाजे तर एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जातच असतात. तेव्हा धोक्याचा हिशेब कसा मांडतात, हे कोकणानेही आधीच समजून घेतलेले बरे.

हिशेबाची रीत वरकरणी सोपी आहे. त्या भागातून कोणती जहाजे, किती आणि कोणत्या रेषेने जातात, हे वर्षभर नोंदावयाचे. मग चक्क्या आणि ती रेषा यांत अंतर किती उरते ते पाहावयाचे. इंग्लंडातील मार्गदर्शनाप्रमाणे अर्ध्या सागरी मैलाहून कमी अंतर असह्य, साडेतीन मैलांहून अधिक असल्यास बहुधा निर्वेध. मधल्या पट्ट्यात धोका शक्य तितका कमी केल्याचे दाखवून द्यावे लागते. चक्कीचे पाते भरतीच्या पाण्यापासून निदान २२ मीटर उंच असावे, असाही तेथे दंडक आहे. शिवाय पोलादी खांबांवरून रडारच्या लहरी परततात, आणि पडद्यावर नसलेली जहाजे दिसू लागतात. खरी लहान होडी त्या गर्दीत हरवते.

हे सारे ठीकच. परंतु या हिशेबात एक गृहीत धरलेले असते, ते असे की, जहाज आपल्या नाखव्याच्या हुकमात आहे. ते सुटले, म्हणजे मैलांचा हा हिशेब फारसा उपयोगी पडत नाही. ३१ जानेवारी २०२२ रोजी हॉलंडच्या किनाऱ्यासमोर वादळात ‘जुलिएटा डी’ या जहाजाचा नांगर घसरला. ते प्रथम एका तेलवाहू जहाजावर आदळले. अठराही खलाशांना हेलिकॉप्टरने उचलून घ्यावे लागले, आणि रिकामे जहाज वाहत जाऊन उभारणी चाललेल्या पवनक्षेत्रातील एका पायाला धडकले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईच्या पश्चिमेस तेलाचे मनोरे कित्येक वर्षे उभे आहेत. २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी आचाऱ्यास उतरवण्यासाठी मुंबई हायच्या मनोऱ्याजवळ आले. लाटांच्या उसळीत ते वायूच्या नळांवर आदळले, भडका उडाला आणि बावीस माणसे गेली. हेतू दयेचा, जहाज मदतीचे, आणि तरीही हा अनर्थ! मे २०२१ च्या तौक्ते वादळात ‘पी ३०५’ या बार्जचे नांगर तुटले. ती निर्मनुष्य मनोऱ्यावर आपटून बुडाली. तिच्यावरील २६१ जणांपैकी सत्तरांहून अधिक दगावले.

याहून बोलका दाखला देवगडचा. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी ६८ होड्या आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गाच्या आश्रयास आले. त्यांतील ६६ होड्या केरळच्या होत्या. त्या कोणत्या रेषेने आल्या, हे कोणत्याही नकाशात सापडणार नाही. वाऱ्याने जिकडे नेले तिकडे त्या गेल्या आणि जेथे बंदर दिसले तेथे शिरल्या. वर्षभराच्या सरासरीत असा दिवस जवळजवळ शून्य भरतो. उद्या त्या वाटेवर चक्क्यांची रांग असेल, तर याच एका दिवसावर शेकडो जिवांचा प्रश्न लोंबकळेल.

आणखी एक उणीव आहे. जहाजांच्या वाटा ज्या यंत्रावरून टिपतात, ते आंतरराष्ट्रीय नियमाने परदेशी प्रवासाच्या ३०० टनांपासून पुढच्या जहाजांवर सक्तीचे आहे. मालवणच्या लहान होडीवर ते असतेच असे नाही. ती डोंगराचा माथा आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून मार्ग काढते. नोंदवहीत तिची रेघच उमटत नाही, आणि जिची रेघ नाही तिला धोका नाही, असा विपरीत अर्थ कागदावर निघू शकतो. चक्क्यांना जोडणाऱ्या विजेच्या तारा तळाशी नीट पुरल्या नाहीत, तर जाळे आणि नांगर यांनाही त्या अडतील. हा धोकाही प्रथम याच होड्यांना आहे.

म्हणून परवानगीपूर्वीच्या तपासणीत बंदरखात्याच्या अधिकाऱ्यांबरोबर मालवण, देवगड, वेंगुर्ले येथील जुन्या तांडेलांनाही बसवावे. वादळात ते कोठे वळतात, कोणत्या खाडीचे तोंड धरतात, हे त्यांच्याकडून उतरवून घ्यावे आणि त्या पट्ट्या नकाशावर मोकळ्या ठेवाव्या. भरकटलेल्या जहाजाला दोर लावणारी ओढबोट किती तासांत तेथे पोहोचेल, हाही आकडा अहवालात हवा. पाती थांबवण्याचा हुकूम कोणी द्यावयाचा, तेही नावानिशी ठरलेले असावे. वादळाच्या रात्री त्यासाठी कोणाची परवानगी शोधीत बसणे परवडणार नाही.