तिरळा डोळा : खोड नव्हे, आजार



खराडीतील माझ्या वर्गात एक मुलगा मान एका खांद्याकडे कलती ठेवून फळ्याकडे पाही. 'मान सरळ कर' असे मी त्याला वर्षभर दटावले. पुढे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले की, त्याच्या एका डोळ्याचा चौथा मज्जातंतू जन्मापासून दुबळा आहे. मान सरळ केली की त्याला एका ओळीच्या दोन ओळी दिसतात. मी खोड समजून आजाराला शिक्षा करीत होतो. ती चूक आपल्या हातून होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात. प्रत्येक डोळा ६ स्नायूंनी फिरतो. सहावा मज्जातंतू डोळा कानाकडे वळवतो. चौथा नाकाकडे वळलेला डोळा खाली नेतो. जिना उतरताना, वाचताना तो लागतो. उरलेले ४ स्नायू आणि पापणी उचलणे तिसऱ्याकडे आहे. यांतला एक थकला की डोळा तिरळा होतो व एकाचे दोन दिसू लागतात.

लहान मूल मात्र तक्रार करीलच असे नाही. त्याचा मेंदू तिरळ्या डोळ्याचे चित्र गाळून टाकतो आणि तो डोळा आळशी बनतो. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून त्याला कामाला लावता येते. परंतु हा उपाय ७-८ वर्षांच्या आत केल्यास अधिक गुण येतो. 'तिरळा डोळा भाग्याचा' म्हणून थांबणाऱ्या घरात हीच वर्षे वाया जातात.

मोठ्यांत मधुमेह व रक्तदाब ही नेहमीची कारणे. साखर ताब्यात ठेवल्यास असा डोळा बहुधा तीनेक महिन्यांत पूर्ववत होतो. २०२१ साली करोनानंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीचा आजार पसरला. पापणी पडणे, डोळा न हलणे ही त्याची लक्षणे होती आणि रुग्णांत मधुमेही पुष्कळ होते. डोक्याला मार लागूनही हे मज्जातंतू दुखावतात. नगर रोडवर दुचाकी चालवणाऱ्यांनी हेल्मेट विसरू नये.

अचानक पापणी पडली, बाहुली मोठी झाली, डोके असह्य दुखू लागले, तर मेंदूतील रक्तवाहिनी फुगलेली असू शकते. मुलाला तिरळेपणाबरोबर ताप, उलट्या वा डोकेदुखी असेल, तर मेंदूज्वराचा किंवा डोक्यातील दाब वाढल्याचा संशय घ्यावा. दोन्ही वेळी काजळ, झाडपाला नको. त्याच दिवशी ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वर्गबंधूला 'चकणा' म्हणू नका. त्याला पहिल्या बाकावर जागा द्या. मीही आता मुलांच्या माना सरळ करण्याआधी त्यांना विचारतो, 'बाळ, तुला फळ्यावर काय दिसते?'