पाय मोजायला बाहेर चला

आज बोलायचं आहे ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या प्राण्यांच्या धड्याबद्दल.

अंगणवाडीच्या भिंतीवर प्राण्यांचा तक्ता असतो. त्यात जिराफ असतो, झेब्रा असतो. असू दे. पण शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरचं पोर सकाळी शेळी सोडून, कोंबडीची पिल्लं टोपलीखाली झाकून आलेलं असतं. त्याला तक्त्यावर बोट ठेवून ‘ही शेळी’ म्हणून सांगण्यात वेळ का घालवायचा? तीच शेळी काय खाते, कशी रवंथ करते, हे त्यालाच विचारा. दहा मिनिटं बोलेल.

आपल्या ठाणे जिल्ह्यात ही वाट जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ही गावं आता पालघर जिल्ह्यात असली, तरी २०१४ पर्यंत ठाण्यातच होती. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली. गुरं चरतायत आणि बाजूला धडा चाललाय! पानं, बिया, खडे, शिंपले ही साधनं. स्वस्त तर खरीच, शिवाय मुलांच्या ओळखीची.

आता आपल्याकडे काय करता येईल? पहिला पाऊस पडला की मुलांना माळावर न्या. मखमली लाल मृगाचा किडा दिसेल. त्याचे पाय मोजायला सांगा: आठ. मग मुंगीचे मोजा: सहा. ओढ्याकाठी खेकडा दिसला, तर नांग्या धरून दहा. मोजणी शिकवायला मणी कशाला हवेत? पावसाळ्यात एखाद्या खेकड्याच्या मादीच्या पोटाखाली इवलीइवली पिल्लं चिकटलेली असतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तीच खेकड्याच्या रूपात, आणि काही दिवस आई त्यांना पोटाशीच घेऊन हिंडते. बेडकाचं नेमकं उलट. डबक्यातल्या त्याच्या पिल्लाला आधी नुसती शेपटी, पाय मागाहून. दर दोन-तीन दिवसांनी त्याच डबक्यापाशी जाऊन मुलांना बघू द्या, आणि काय बदललं ते त्यांच्याच तोंडून ऐका.

भात वाढलं की सुगरणींची लगबग सुरू होते. पात्यांच्या चिरफळ्या काढून घरटं विणतो तो नर. मादी येऊन पारखते. हे ऐकून पाड्यावरच्या आज्या हसतात, पण खरं आहे.

रानातल्या पाहुण्यांबद्दलही सांगा. रानपिंगळा हे छोटं घुबड शंभरावर वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. १९९७ साली ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि २०१४ मध्ये आपल्या तानसा अभयारण्यातही दिसलं. ते दिवसाही वावरतं, म्हणून मुलांना त्याची गोष्ट जास्तच आवडते.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. दगड उलटायचा तो मोठ्यांनी, काठीने. बिळात हात घालायचा नाही, साप दिसला तर जागीच थांबून मोठ्यांना हाक मारायची. साप चावलाच तर भगताकडे वेळ घालवू नका. १०८ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा. पाहिलेला किडा, खेकडा जिथे होता तिथेच सोडायचा, डबीत कोंडायचा नाही. परत आल्यावर साबणाने हात धुवायचे.

आणि अंगणवाडीच्या ताईंना एक विनंती. सगळं तुम्हालाच ठाऊक असलं पाहिजे असं नाही. पाड्यावर गुरं राखणारे आजोबा असतील, ओढ्यात खेकडे पकडणाऱ्या मावशी असतील. आठवड्यातून एकदा त्यांना बोलवा आणि त्या दिवशी धडा त्यांनाच घेऊ द्या.