बाळासोबत पाहिलेला जपान
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरीच्या निमित्ताने आम्ही काही वर्षे जपानमध्ये ओसाका शहरी राहिलो. आमचा मुलगा तिथेच जन्मला. परत आल्यापासून विद्यार्थी आम्हाला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, एवढ्याशा बाळाला घेऊन परमुलुखात कसे फिरलात? दुसरा, जपान बौद्धांचा देश, म्हणजे तिथे जात नसेल ना? पहिल्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून आधी तेच देतो.

दिवस गेल्याची नोंद केली की तिथली नगरपालिका 'बोशी तेच्यो', म्हणजे माता-बाल आरोग्य पुस्तिका हाती देते. १९४८ पासून ही पद्धत आहे आणि परदेशी आईलाही ती मिळते. बाळाचे वजन, लसी, दात, सारे त्यात लिहायचे. प्रवासात पासपोर्टच्या खालोखाल आम्ही तिलाच जपले. स्थानकांवर दूध पाजायला, लंगोट बदलायला जागा असते. त्यामुळे प्रवासाची भीती नव्हती. भीती होती ती शांततेची! आगगाडीत कोणी मोठ्याने बोलत नाही. अशा डब्यात एकदा बाळाने भोकाड पसरले. कोणी एक शब्द बोलले नाही, आणि त्यामुळेच आम्ही जास्त ओशाळलो. तेवढ्यात समोरच्या आजीबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि एकदम हात काढून "इनाइ इनाइ... बा!" केले. आपले 'बुवा कुक'च ते! बाळ खुदकन हसले.

आणखी एक गंमत. जपानी लिपीत नदीचे अक्षर तीन उभ्या रेघांचे असते. आई-बाप दोन कडांना आणि मूल मध्ये, असे जमिनीवर गाद्या घालून झोपणे म्हणजे नदीच्या अक्षरासारखे झोपणे. आम्ही दोघेही दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेलो. आमच्या घरी त्या अक्षराला आणखी चार रेघा ओढाव्या लागल्या असत्या.

२०१९ साली ८ एप्रिलला आम्ही बाळाला घेऊन नारा येथील तोदाइजी विहारात गेलो. आपण वैशाख पौर्णिमेला बुद्धजयंती करतो, जपानमध्ये तथागतांचा जन्मदिन ८ एप्रिलला करतात. फुलांनी सजविलेल्या छोट्या मंडपात बालबुद्धाची उभी मूर्ती असते, एक हात आकाशाकडे, एक जमिनीकडे. तिच्यावर पळीने गोड चहा ओततात. आम्ही बाळाच्या मुठीत पळी दिली. त्याने अर्धा चहा बालबुद्धावर आणि अर्धा आमच्या अंगावर ओतला. आतला महाबुद्ध सुमारे पंधरा मीटर उंच आहे. इसवी सन ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे रंगविण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्खूने केला. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हाती धरल्या होत्या. हे वाचल्यावर तिथे आम्हाला परके वाटेनासे झाले.

पण सगळेच इतके सोपे नव्हते. विहारांत सुखरूप बाळंतपणाचे ताईत विकायला असतात. आमच्या घरात १९५६ च्या धर्मांतरानंतर नवस आणि ताईत बंद झाले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या कुटुंबातली माणसे आम्ही, ताईत घेतला नाही. अडलो ते 'जिझो'पाशी. जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्व. गल्लीच्या कोपऱ्यावर त्याची लहानशी दगडी मूर्ती असते आणि तिच्या गळ्यात लाल लाळेरे. पोटातच गेलेल्या बाळांच्या आया तिथे येऊन उभ्या राहतात. आमचे पहिले मूल असेच गेले होते. आपल्याकडे त्याबद्दल कोणी बोलत नाही, "पुन्हा होईल" एवढेच म्हणतात. त्या कोपऱ्यावर थांबावे की नाही, यावर आमच्या दोघांत वाद झाला. एकाचे म्हणणे, ही पूजाच झाली. दुसऱ्याचे म्हणणे, हे दुःखाला जागा देणे आहे. वाद मिटला नाही. शेवटी आम्ही हात जोडले नाहीत, पण वाऱ्याने उलटलेले लाळेरे सरळ केले. पुढे ऑगस्टमध्ये जिझोच्या सणाला गल्लीतल्या मुलांच्या नावांचे कंदील लागले, त्यात आमच्या बाळाचाही होता. शेजाऱ्यांनी न सांगता लावलेला.

आता दुसरा प्रश्न. जपानमध्ये आमचे आडनाव ऐकून कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. इतके मोकळे आम्ही पुण्या-मुंबईतही राहिलो नाही. पण म्हणून तिथे जात नाही असे सांगितले, तर ते खोटे ठरेल. कातडे कमावणाऱ्या, जनावरे कापणाऱ्या लोकांच्या वस्त्या तिथेही वेगळ्या होत्या. त्यांना 'बुराकुमिन' म्हणतात. १८७१ मध्ये कायद्याने भेद रद्द झाला, माणसांच्या मनातून झाला नाही. त्यांच्या वस्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या, हे १९७५ मध्ये उघड झाले. नोकरीचा अर्ज आला की पत्ता ताडून पाहायचा! आणि सर्वांत जिव्हारी लागले ते हे, की मृत्यूनंतर बौद्ध पुरोहित जे धर्मनाम देतात, त्यातही या लोकांसाठी हीन अर्थाची अक्षरे वापरली गेली, थडग्यांवर कोरली गेली. पुढे पंथांना ही चूक मान्य करावी लागली. धम्म घेतला की जात आपोआप गळून पडते, असे आपल्या सभांतून सहज बोलले जाते. ते ऐकताना आम्हाला ते दगड आठवतात.

पण त्यांचा लढाही तितकाच खरा आहे. नारा प्रांतातील गोसे गावी त्यांच्या 'सुइहेइशा' चळवळीचे संग्रहालय आहे. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ही संघटना स्थापन झाली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची याच गावच्या बौद्ध मंदिरातले. काळ्या झेंड्यावर लाल काटेरी मुकुट ही त्यांचीच कल्पना. आम्ही गेलो तेव्हा बाळ पाठीवर झोपले होते. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी, आम्ही भारतातले म्हटल्यावर, "आंबेदोकारु?" असे विचारले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, आम्हाला जपानी जेमतेम. त्यांनी कागदावर १९२२ लिहिले. आम्ही त्याखाली १९२७ लिहिले आणि ओंजळीने पाणी पिण्याची खूण केली. महाड त्यांना ठाऊक होते की नाही, कळले नाही. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि बाळ जागे होऊ नये म्हणून दार हलकेच लावून घेतले.

जयभीम. नमो बुद्धाय.