मध न देणाऱ्या माश्या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘वनौषधी’. कोणत्या आजारावर काय घ्यावे हे सांगायला मी वैद्य नाही. गिरणीत साचे चालवले, बाकी जे काही शिकलो ते वाचून. म्हणून या वनस्पती ज्यांच्या श्रमावर उभ्या आहेत, त्या माश्यांबद्दल बोलतो. धम्मपदातल्या पुप्फवग्गात भ्रमराचा दाखला आहे, तो इथे अनेकांना पाठ आहे. मला आज फुलाच्या बाजूने बघायचे आहे. या व्यवहारात फुलाच्या पदरात काय पडते?

आवळा घ्या. झाड एकच, पण नरफुले वेगळी आणि मादीफुले वेगळी. नरफुलातले पराग मादीफुलापर्यंत पोचल्याशिवाय फळ धरत नाही, आणि झाडाला काही पाय नाहीत. ही ने-आण बरीचशी माश्या करतात. मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, त्यामुळे आवळ्याचे पराग आवळ्यालाच मिळतात. हिरडा, बेहडा, आवळा, त्रिफळ्यातली तिन्ही फळेच आहेत. फळ नाही तर चूर्ण कशाचे करणार? अर्थात सगळ्याच औषधींचे असे नाही. कोरफड पिलांपासून वाढते, अडुळशाची फांदी खोचली तरी लागते.

आता रिंगणी बघा. माळावर, रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरणारी काटेरी रिंगणी दशमुळांत मोडते. जांभळे फूल, मधोमध पिवळे पुंकेसर. या फुलात मध नसतोच. पराग पुंकेसराच्या पोकळीत कोंडलेले, बाहेर पडायला टोकाला बारीक भोक. मधमाशीला ते झटकून काढता येत नाहीत. मग येतो भुंगा. तो पुंकेसरांना मिठी मारतो आणि पंख न फडफडवता अंगातले स्नायू असे थरथरवतो, की डबीतून मीठ सांडावे तसे पराग त्याच्या पोटावर सांडतात. जवळ उभे राहिलात तर गुंऽऽ असा आवाज ऐकू येईल. वांग्याच्या वाफ्यातही हेच चालते. वासे पोखरतो म्हणून आपण ज्याला शिव्या देतो, तोच हा भुंगा! शेवग्याच्या शेंगाही बऱ्याच त्याच्याच जिवावर. त्याच्याकडून थेंबभर मध मिळत नाही, म्हणून त्याचे काम कोणाच्या हिशेबात येत नाही. कामगारांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच्यात रात्रपाळीवालेसुद्धा आहेत. भीमाशंकरच्या जंगलात वारस नावाचे झाड आहे, त्याची पांढरी फुले रात्री उमलतात. भुंग्याची एक मोठी जात रात्री त्या फुलांवर येते आणि झाडाला शेंग धरते. हे अभ्यासकांनी तिथे जाऊन पाहिले, 2001 साली छापून आले. आणि मोहोळातली राणी? नाव राणी, पण हुकूम सोडत नाही. जन्मभर अंडी घालते.

आता आपल्या पिंपळावरचे आग्यामोहोळ. ते रात्री जाळावे अशी सूचना समितीपुढे आली आहे. भीती खोटी नाही. आग्या माश्या झुंडीने तुटून पडल्या तर माणूस दगावतो, लहान मुलांची काळजी वाटणारच. पण जाळले की माश्या जातात, पोळ्यातली अळ्या-अंडीही जातात. सातेरी माशीसारखे हिला पेटीत घालून दुसरीकडे नेता येत नाही, ती उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. मात्र ती कायमची राहतही नाही. परिसरातला फुलोरा ओसरला की पोळे सोडून आपोआप निघून जाते. गंमत म्हणजे पिंपळाला तिची गरजच नाही. त्याच्या फळात शिरणारी इवलीशी गांधीलमाशी त्याचे काम करते. पिंपळ हिला नुसता आसरा देतो.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की ती जाईपर्यंत पाराभोवती दोरी बांधू. अगरबत्त्या-मेणबत्त्या आतच लावू, धूर वर जायला नको. फटाके त्या बाजूला नकोत. दगड मारणाऱ्या पोरांना आयाबायांनी आवरावे. ज्यांची गावाकडे शेती आहे त्यांनी भर फुलोऱ्यात फवारणी टाळायला सांगावे, टळत नसेल तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी.

दोरी मी घेऊन आलो आहे. सभा संपल्यावर दोघा-तिघांनी थांबावे. जयभीम.