घरांतील कामाची जागा

चाकणच्या कित्येक कारखान्यांत पान्याला देखील स्वतःची जागा असते. भिंतीवरील फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृति रंगविलेली असते. पाना जागेवर नसला, तर ती रिकामी आकृतीच त्याची फिर्याद करते. जपानी कारखानदारांनीं ‘सेइरी’ व ‘सेइतोन’, म्हणजे नको तें काढून टाकणें आणि हवें तें हाताशीं लावणें, ही शिस्त घालून दिली. या पट्ट्यांतील पुष्कळ कामगारांच्या ती अंगवळणीं पडली आहे. पण तोच इसम चिंचवडास घरीं परतला म्हणजे आपला चष्मा कोठें ठेवला हें बायकोस विचारतो!

1954 सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 मध्यें औद्योगिक विकास महामंडळ आलें, आणि पुढें यंत्रांची वस्ती भोसरी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत पसरत गेली. काम कारखान्यांत आणि विश्रांति घरीं, अशी तेव्हां सरळ वांटणी होती. मार्च 2020 मधील टाळेबंदीनें ती मोडली. आराखडे काढणारे, हिशेब ठेवणारे, संगणकावर काम करणारे लोक एकाएकीं घरच्या दोन खोल्यांत येऊन बसले. आणि टाळेबंदी उठल्यावरही कित्येकांचें थोडेंबहुत काम घरींच राहिलें.

वास्तविक घरांतील कचेरी आपल्याकडे नवी नव्हे. गांवच्या कुलकर्ण्याचें दप्तर बहुधा त्याच्या घरींच असे. उतरतें मेज, कलमदान आणि रुमालांत बांधलेले कागद, एवढाच त्याचा सरंजाम. रुमाल सोडला कीं काम सुरू, बांधला कीं बंद. ज्या घरांत निराळी खोली नाहीं, तेथें ही युक्ति अद्यापि उपयोगी आहे. सर्व साहित्य एका पेटींत मावेल एवढेंच ठेवावें, म्हणजे सायंकाळीं तेंच टेबल मुलांच्या अभ्यासास मोकळें होतें.

मात्र सर्वांना ही रीत मानवत नाहीं. हिशेबनिसापुढें एका वेळीं एकच वही असते. यंत्राचे आराखडे तपासणाऱ्यास तीन कागद एकदम दिसावे लागतात. त्याचें टेबल रोज आवरणें म्हणजे त्याचा विचारच रोज मोडणें होय. अशास टेबल मोठें देतां येत नसेल, तर समोरची भिंत द्यावी व कागद तिच्यावर लावूं द्यावेत. कोणता मनुष्य कोणत्या जातीचा, हें फर्निचरच्या दुकानांत कळत नाहीं. काम करतांना आपण कितीदां व कशासाठीं उठलों, याचें टिपण आठ दिवस ठेवावें. ज्या वस्तूसाठीं वारंवार उठावें लागलें ती हाताच्या टप्प्यांत आणावी. आठ दिवसांत जिला हात लागला नाहीं ती माळ्यावर गेली तरी चालेल.

उंचीचा व उजेडाचा प्रश्न त्या मानानें सोपा आहे. कोपर काटकोनांत राहील इतकें टेबल उंच असावें, संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस यावी, आणि खिडकी बाजूस असावी. पाठीमागें असली कीं पडद्यावर झळाळी येते.

वेळेचा प्रश्न अधिक अवघड. जर्मनीचें घड्याळ आपल्या मागें उन्हाळ्यांत साडेतीन व हिंवाळ्यांत साडेचार तास चालतें. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हां इकडे दुपारचे साडेबारा किंवा दीड, म्हणजे ऐन जेवणाची वेळ. आणि घरांत तिसऱ्या पाळीहून आलेला कोणी असला, तर त्याच्या झोपेचीही. तेथें टेबलाइतकाच दरवाजा महत्त्वाचा. घरांत बंद होणारी खोली एकच असेल, तर ती ज्याचें बोलणें अधिक त्यास द्यावी कीं ज्यास झोप हवी त्यास? बहुधा हा निर्णय पगाराच्या आंकड्यावरून होतो, आणि तो चुकतो. रात्रभर यंत्रापाशीं उभा राहिलेला मनुष्य झोपेवांचून दुसऱ्या रात्रीं त्याच यंत्राशीं जातो. बोलणाऱ्यास मात्र स्वयंपाकघराचें दार लोटून घेतां येतें. आणि घरची बाई शिकवण्या घेत असेल किंवा नोकरीचें काम घरून करीत असेल, तर तिच्या वांट्यास बहुधा जेवणाचें टेबल येतें, तेंही दोन जेवणांच्या मधल्या वेळेपुरतें. तिचीं कागदपत्रें प्रत्येक पंगतीस उचलावीं लागतात. खोलींतील एक कोपरा, एक दिवा आणि एक कुलपाचा खण तिच्या नांवें व्हावा. कपाटांतील जुन्या बरण्या काढल्या तर तेवढी जागा बहुतेक घरांत सांपडते.