सायकल, घाट आणि लेणी

(वर्षावासाच्या समाप्तीनिमित्त बुद्धविहारात दिलेले भाषण)



वकिलाने विहारात येऊन कायद्यावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज सायकलीवर बोलणार आहे. अर्थात त्यामुळे आपली निराशा होणार नाही; कारण सायकलीला आपल्या देशाच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत जागा मिळालेली आहे. ती का मिळाली, हे सांगण्यासाठी मी आपणांस पुण्याहून कार्ल्याच्या रस्त्याने घेऊन जाणार आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी, दोघे दोन सायकलींवर पहाटे घराबाहेर पडलो. द्रुतगती महामार्गावर सायकलीस मज्जाव आहे. म्हणून जुना मुंबई-पुणे रस्ताच धरावा लागतो. उजाडता उजाडता देहूरोड आले. येथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. दीक्षाभूमीवरील धम्मक्रांतीला तेव्हा दोन वर्षांचा अवकाश होता. तेथे वंदन करून आम्ही तळेगाव, वडगाव मागे टाकले आणि कामशेतला डावीकडे वळून बेडशाचा रस्ता धरला.

या भागातील डोंगर अग्नीतून जन्मलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. अशा थरांवर थर चढून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. थर आडवे असल्यामुळे डोंगरांनाही पायऱ्यांचा आकार आला. भूशास्त्रज्ञ या खडकास 'ट्रॅप' म्हणतात, आणि त्या शब्दाचे मूळ जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट सायकलस्वाराच्या पायांना लगेच पटते. येथे चढ येतो, मग थोडी सपाटी येते, आणि दम परत येतो न येतो तोच पुन्हा चढ उभा राहतो.

अशाच एका चढावर माझी मुलगी खाली उतरली. ती ओशाळली होती. मीही उतरलो आणि दोघे सायकली हातात धरून चालू लागलो. तेव्हा मी तिला तिच्या पणजोबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, हकीकत सांगितली. त्यांनी गिरणीच्या पगारातून एक जुनी सायकल घेतली होती. शहरात ते तिच्यावर बसून हिंडत. परंतु गावी गेले म्हणजे वेशीपाशी उतरावे लागे, आणि चावडीपुढून सायकल हातात धरून, मान खाली घालून जावे लागे. गावाचे नाव मी सांगत नाही. कारण ते एकाच गावाचे वर्तन नव्हते. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मी दमले म्हणून उतरले. त्यांना का उतरवले?"

बंधू-भगिनींनो, दम लागला म्हणून उतरणे आणि कोणी उतरविले म्हणून उतरणे, या दोहोंतील अंतर म्हणजेच आपल्या चळवळीचा इतिहास होय.

बेडशाचे चैत्यगृह पूर्वाभिमुख आहे. सकाळचे ऊन थेट आत येते आणि दारातील उंच स्तंभांवरील प्राणी व त्यांवरील स्वार उजळून निघतात. तेथे पाण्याचे एक टाके आहे. त्यावरील लेखाप्रमाणे ते सामडिनिका नावाच्या, महाभोजाच्या कन्येचे दान आहे. तेथून परत मुख्य रस्त्याला लागून आम्ही कार्ल्याला गेलो. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे. कारागिरांनी खडकाचा भक्कम थर निवडला आणि वरून खाली असे कोरीत आणले. छताला बसविलेल्या लाकडी कमानी आजही पाहावयास मिळतात. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने आपले नाव येथे कोरविले. परंतु त्याच लेण्यात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे, सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आणि घुणिकाची आई असलेल्या कोडी नावाच्या भिक्खुणीचेही नाव आहे. दूरदेशीच्या यवनांची नावे तर स्तंभांवर आहेत. श्रेष्ठी आणि सुतार यांची नावे एकाच दगडाने सारख्याच निष्ठेने सुमारे दोन हजार वर्षे सांभाळली, ही गोष्ट मुलांना अवश्य दाखवा.

सायंकाळी मळवलीचा रेल्वेमार्ग ओलांडून भाज्याला गेलो. हे लेणे पश्चिमाभिमुख. म्हणून त्याला मावळतीचे ऊन मिळते. तेथेही टाके आहे. ते कौशिकीपुत्र विण्हुदत्त या महारठीने दिलेले. लेखात त्यास 'पोढी' म्हटले आहे. ज्या धम्मात पाणी देणे हे पुण्यकर्म म्हणून दगडावर लिहून ठेविले गेले, त्याच धम्माच्या लेण्यांकडे जाताना पुढे पाण्यावरूनच काय घडले, ते ऐका.

१९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी हौदातील पाणी घेतले, आणि तेवढ्यावरून त्यांना शिवीगाळ झाली. शेवटी पाण्यास कोठेही हात लावावयाचा नाही या अटीवर, पहारेकरी बरोबर देऊन, त्यांना किल्ला दाखविण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने ज्या संविधानाचा मसुदा तयार केला, त्याच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक स्थळे यांच्या वापरास जातीच्या कारणाने अडथळा करता येणार नाही, असे २६ जानेवारी १९५० पासून लिहिलेले आहे.

आता सायकलीविषयी. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालविण्यास, पादत्राणे वा नवे कपडे घालण्यास या समाजांबाहेरील कोणी अडविले, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड अशी त्यास शिक्षा आहे. जी गोष्ट सर्वत्र बिनतक्रार होते, तिच्यासाठी कोणी कायदा करीत नाही. सायकलीचे नाव कायद्यात घालावे लागले, यावरून आजोबांची हकीकत अद्याप संपलेली नाही हे ओळखावे.

नवदीक्षित कुटुंबे मला विचारतात, धम्म स्वीकारल्यावर हे संरक्षण जाते काय? ज्यांची मूळ जात अनुसूचीत आहे त्यांचे जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झालेला आहे. दाखले नीट जपून ठेवा.

हक्कांबरोबर कर्तव्येही येतात. लेण्यांच्या भिंतींवर आपले नाव खरडणारे लोक मी पाहिले आहेत. संरक्षित स्मारकास इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु शिक्षेच्या भयापेक्षाही हे लक्षात ठेवा की सामी सुताराने दार घडविले तेव्हा त्याचे नाव दगडावर आले. आपण काय घडविले, ते आधी पाहावे.

पावसाळा सरला आहे. मुलामुलींना घेऊन निघा. पहाटे निघा, डोक्यास शिरस्त्राण घाला, मागे लाल दिवा लावा. चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर हलका करा. उतारावर वळण येण्याआधी दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. साधी सायकल असली तरी चालेल. दम लागला तर खुशाल उतरा, पाणी प्या, चालत जा. त्यात कमीपणा नाही.

परत येताना माझी मुलगी माझ्या पुढे होती. वाटेतील एका गावातून ती भर रस्त्याने, घंटी वाजवीत, मान ताठ ठेवून गेली. कोणी तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. आजोबांना हेच हवे होते.

जय भीम! नमो बुद्धाय!