घरखरेदीची तयारी : दिवाळी ते पाडवा



मंडळाने आम्हाला 'स्वतःचे घर' या विषयावर बोलण्यास सांगितले. आम्ही काही कायदेपंडित नव्हे. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. परंतु कर्जाच्या टेबलावर कागद हाताळताना माणसे कुठे अडतात ते रोज दिसते. तेवढ्याच शिदोरीवर बोलतो.

आपल्याकडे घरांचा बाजार तापतो तो फाल्गुन-चैत्रात. गुढीपाडवा, पाठोपाठ अक्षय्य तृतीया. वर्तमानपत्रांची पाने जाहिरातींनी भरून जातात. त्यातच १ एप्रिलला सरकारी बाजारमूल्याचे दर, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, ते बदलण्याची चर्चा सुरू होते. विक्री कार्यालयातला मुलगा म्हणतो, "काका, आज टोकन द्या, उद्या हा भाव राहणार नाही." शेजारच्या खुर्चीवर दुसरे कुटुंब बसलेले असते. माणूस घाबरतो आणि सही करतो.

ही भीती किती रुपयांची आहे ते पाहू. पुण्यात ४० लाखांच्या सदनिकेवर आजच्या ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क होते २ लाख ८० हजार. २०२५ च्या एप्रिलमध्ये रेडी रेकनरची राज्यातील सरासरी वाढ ३.८९ टक्के होती. समजा ४ टक्के वाढ झाली आणि ती सगळी आपल्याच माथी आली, तरी शुल्क वाढेल ११,२०० रुपयांनी. तेही सरकारी मूल्य कराराच्या किमतीपेक्षा जास्त असेल तरच, कारण या दोहोंपैकी जी रक्कम मोठी तिच्यावरच शुल्क लागते. अकरा हजारांच्या धाकाने चाळीस लाखांचा निर्णय एका दुपारी घ्यायचा काय? बिल्डर भाव वाढवील हे खरे, पण तो १ एप्रिलची वाट न पाहताही वाढवतो. २०२१ च्या मार्चअखेर मुद्रांक शुल्कातील सवलत संपत होती, तेव्हा कोरोनाच्या दिवसांत निबंधक कार्यालयांसमोर गर्दी झाली. शुल्क भरून सही केलेला दस्त चार महिन्यांपर्यंत नोंदवता येतो, हे ज्यांना ठाऊक होते ते घरी निवांत होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की घर पाडव्याला घ्या, जरूर घ्या, पण तयारी दिवाळीला सुरू करा.

पहिला हिशेब पदरच्या पैशांचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के कर्ज मिळते. म्हणजे ४० लाखांच्या घराला ३२ लाख. उरलेले ८ लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी बँक या किमतीत धरत नाही, तीही आपलीच. झाले ११ लाख १० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी निराळा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतील घराला तो नाही. पुष्कळजण फक्त ८ लाखांची जुळवाजुळव करून येतात आणि मग हातउसने, पतपेढी, बायकोचे दागिने सुरू होते.

दुसरा हिशेब हप्त्याचा. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरल्यास लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो. ३२ लाखांना सुमारे २७,७७५. झेपेल की नाही हे कागदावर कळत नाही. त्यासाठी रंगीत तालीम करावी. आज भाडे ९ हजार देत असाल तर उरलेले १८,७७५ दरमहा आवर्ती ठेवीत टाका. दिवाळी ते पाडवा पाच महिने हे जमले, तर घर झेपेल आणि गाठीला ९३ हजारही साठतील. तिसऱ्याच महिन्यात मोडावे लागले, तर लहान घर पाहा. यात कमीपणा नाही.

सिबिलचा अहवालही याच काळात मागवा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. सहकाऱ्याच्या कर्जाला आपण भिडेखातर जामीन राहिलेलो असतो. त्याचे हप्ते थकले की डाग आपल्या नावावरही दिसतो. ही गोष्ट पाडव्याच्या आठवड्यात कळून उपयोग नाही.

आता कागदांविषयी. इथे थोडे थांबतो.

एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ग्रॅच्युइटीतले तीन लाख पाडव्याच्या दिवशी टोकन म्हणून दिले. पावती साध्या कागदावर. पुढे कर्जासाठी कागद आले, तेव्हा सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा निघाला. ती जमीन मूळची महार वतनाची. १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचा व्यवहार होत नाही, आणि परवानगी घेतलेलीच नव्हती. कर्ज नामंजूर झाले. तीन लाखांसाठी त्या गृहस्थांनी दोन वर्षे खेटे घातले. आपल्याच एका कुटुंबाची कवडीमोलाने गेलेली जमीन आणि आपल्याच दुसऱ्या कुटुंबाची अडकलेली पुंजी, असा तो हिशेब होता. तो आम्हाला अजून विसरता येत नाही.

तेव्हा टोकन देण्यापूर्वी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, तीस वर्षांचा शोध अहवाल, बांधकाम परवानगी आणि महारेराचा नोंदणी क्रमांक एवढे पाहाच. जुने घर घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भागदाखला आणि थकबाकी नसल्याचे पत्र. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पावतीवर 'कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत' हे वाक्य लिहून घ्या. लिहून देण्यास जो कां-कूं करतो, त्याच्याकडे उठून उभे राहण्याची हिंमत ठेवा. आणि मुद्रांकावर नोटरी करून वस्तीत घरे विकली जातात, त्या कागदाने मालकी मिळत नाही. खरेदीखत नोंदवावेच लागते.

भगिनींना एक सांगतो. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. पतीचे नाव जोडले की ती जाते. चाळीस लाखांवर हे चाळीस हजार होतात. इतके सांगूनही आमच्या टेबलावर बहुतेक पुरुष "नाव दोघांचेच असू द्या" म्हणतात. त्याचे कारण काय, ते त्यांनाच विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक घातला की मंजुऱ्या, ताब्याची तारीख आणि जमिनीवरील दावे दिसतात. आई-वडिलांना ते वाचून दाखवण्याचे काम तुमचे. ज्यांनी आज कागद बरोबर आणले आहेत, त्यांनी सभा संपल्यावर मागच्या खोलीत यावे. आम्ही नऊपर्यंत तिथे आहोत.